पाणी आत येऊ न देणारं सील

आमच्या नरडाण्याच्या शेडमध्ये वीस वर्षं एकच धर्म पाळला गेला: पाणी बाहेर जाता कामा नये. आम्ही रबराच्या रिंगा करतो, ठिबकच्या, पंपाच्या, आणि जळगावच्या पाइपवाल्यांना पुरवतो. खानदेशात विहिरीतून उपसलेला थेंब झाडाच्या मुळाशीच पडला पाहिजे. वाटेत कुठे पाझरला की शेतकरी पाइपवाल्याला शिव्या घालतो आणि पाइपवाला मला. शिव्या खाऊन खाऊन मी या धंद्यात पक्की झाले, असा माझा समज होता.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीचं काम आलं. लष्कराच्या जुन्या चिलखती गाड्या, ज्या रस्त्यावर धावतात आणि वेळ पडली तर नदीतही उतरतात, त्या नव्याने सज्ज करायच्या होत्या. इंजिन, दुर्बिणी, वायरिंग ही मोठी कामं मोठ्यांनी वाटून घेतली होती. आमच्या वाट्याला आलं मागच्या दाराचं रबरी सील. मी तोंडाने म्हटलं, "बघू या, जमतंय का," आणि संध्याकाळपर्यंत धुळ्याच्या सासरी नि अमळनेरच्या माहेरी सगळीकडे बातमी पोचवली.

सीलला एका बाजूने पातळ कड असते. पाण्याचा जोर त्या कडेवर आला की ती दाराला घट्ट चिकटते. आम्ही साचा केला, सील काढलं, शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून खऱ्या दाराएवढ्या दाराची लोखंडी पेटी करून घेतली. दार लावलं, वरून नळी सोडून पेटी काठोकाठ भरली आणि खाली जुने पेपर अंथरले. संध्याकाळपर्यंत पेपर कोरडेच होते. मी पेढे मागवले.

पेढा घ्यायला गेटवरचे नानाही आले. नाना आमचे वॉचमन, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. खरं सांगायचं तर मी त्यांना मिशा बघून ठेवलं होतं. त्यांनी पेढा हातातच धरला, पेटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ताई, पानी आत काबर भरेल शे?"

"तपासायला, नाना. गेटवर कोण आहे?"

"पन गाडीमा ते मानूस बसस. पानी भायेर ऱ्हास."

मला असा राग आला की विचारू नका. चार इंजिनियर, एक मी, आणि अक्कल शिकवणार वॉचमन! मी त्यांना गेटवर पिटाळलं. मग ड्रॉइंग पुन्हा उघडलं आणि कानशिलं गरम झाली. पाण्याची बाजू त्यात स्वच्छ दाखवली होती. पण आमच्या डोक्यात पाणी म्हणजे आतच, कारण जन्मभर आम्ही ते आतच कोंडलं. साचाही तसाच उलटा केला होता आणि तपासणीही तशीच उलटी. भगीरथ प्रयत्न करून आम्ही जवानांना बुडवायचं सील तयार केलं होतं.

मी स्वतः चहा घेऊन गेटवर गेले. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे बराच वेळ उन्हाबद्दलच बोलले. नानांनी आपणहून सांगितलं. ते अशीच गाडी चालवायचे. एकदा सरावात कालवा ओलांडताना जुन्या रबरातून पाणी शिरलं, गुडघ्यापर्यंत आलं. गाडी काठाला लागली, कुणाला काही झालं नाही. "आते माना आंडोर तीच गाडी चालाडस," ते म्हणाले. मुलगा तीच गाडी चालवतो आणि बाप त्याच गाडीच्या सीलच्या कारखान्यात गेटवर बसतो, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच सील लावून पेटी हौदात बुडवली. आत ज्वारीचं कोरडं पीठ भुरभुरवायची युक्ती नानांचीच. पेटी वर काढली तर पिठाची आंबील झाली होती. कुणी हसलं नाही. आठ दिवस खपून नवा साचा केला. या वेळी पेटी हौदातून काढून मी आत फुंकर मारली तेव्हा पीठ उडून माझ्याच नाकात गेलं, आणि मी शिंकत शिंकत आनंदाने ओरडले. पुण्याचे साहेब पीठ बघून हसले, पण नमुना पास करून गेले. तेव्हापासून शेड मजेत चाललंय, आणि नाना गेटवर कमी, तपासणीच्या टेबलावर जास्त असतात.

मागच्या महिन्यात मोठा लॉट निघत होता. टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि नानांनी एक सील बाजूला काढलं. कडेवरून अंगठा फिरवून म्हणाले, इथे हाताला काहीतरी लागतंय. मी मापलं, गेजमध्ये बसत होतं. भिंगाने पाहिलं, काही दिसेना. माझा पारा चढला.

"नाना, गाड्या शेकडो आहेत. हे नेमकं तुमच्या मुलाच्याच गाडीत जाणार आहे का?"

नाना शांतपणे म्हणाले, "त्यान्या गाडीमा नई जाई, ताई. पन कोनाना तरी आंडोर ते बसीच ना."

मी टेबलावरची कात्री घेतली आणि ते सील मधोमध कापलं. टेम्पो एका सीलसाठी तासभर थांबला. नवं तापलेलं सील साच्यातून निघालं, तेव्हा नानांच्या आधी मी त्याच्यावरून अंगठा फिरवला.