तीनदा पुकारा

गळा हे एकच इंद्रिय देऊन देवाने नाशकात एक माणूस पाठवला, आणि तो नेमका माझा चुलतसासरा निघाला. तीस वर्षं काका कोर्टात पट्टेवाले होते. दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, तीनदा. निवृत्त झाले, पण पुकारा सुटला नाही. चहा हवा असला की स्वयंपाकघरातल्या काकूंना पूर्ण नावानिशी तीन हाका जायच्या, आणि काकू 'हजर' म्हणाल्याशिवाय काका कपाला हात लावत नसत. माझ्या लग्नात त्यांनी मलाही बोहल्यावर असंच पुकारलं. मी गडबडून 'हजर' म्हणालो आणि त्यांचा लाडका जावई झालो.

मखमलाबादला त्यांचा द्राक्षाचा मळा होता, आणि मळ्यात काळ्या दगडाची खोल विहीर. उन्हाळ्याच्या सुट्टीत काका तिथे पोरांना पोहायला शिकवत. पाठीला सुका भोपळा बांधायचा, काठावर उभं करायचं आणि पोराचं पूर्ण नाव विहिरीत तीनदा पुकारायचं. नाव घुमून वर आलं, पोर 'हजर' म्हणालं, की उडी. एखादं लाजाळू पोर गप्प राहिलं तर त्याच्या वतीनं काकाच 'हजर' म्हणत. विहिरीनं नाव परत दिलं म्हणजे पोरही परत देणार, असा त्यांचा हिशेब. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे सगळ्यांत जास्त मीच हसायचो.

मग माझी मुक्ता पाच वर्षांची झाली. नव्वदच्या दशकातली कुठलीशी सुट्टी होती. तिच्या आधीच्या तिन्ही पोरांची नावं खणखणीत परत आली. मुक्ताचं नाव मात्र खाली गेलं ते गेलंच. काकांनी तीनदा पुकारलं, मग निमूटपणे तिच्या पाठीवरचा भोपळा सोडला.

"आज नाही, जावईबापू."

वारा फिरला असेल, असं मी म्हणालो खरा. पण पुढचे दोन रविवारही तेच झालं. एकदा मी स्वतः वाकून हाक मारली. आपल्या लेकीचं नाव खाली कुणीतरी हातात धरून ठेवलंय असं वाटलं आणि मी झटकन मागे सरलो. माझं विज्ञान काही मदतीला आलं नाही. मी म्हटलं, नकोच ते पोहणं. पण आमचं घर मळ्याला लागूनच होतं. पोर आज ना उद्या एकटीच काठाशी जाणार, तेव्हा तिला पोहता आलंच पाहिजे, असं काकांचं म्हणणं. ते खोडून काढणं मला जमेना.

चौथ्या रविवारी काका एकटेच काठावर गेले. टोपी काढली, कोर्टात जज्जसाहेबांसमोर राहत तसे ताठ उभे राहिले.

"हिच्यासाठी मी जामीन," एवढंच म्हणाले, आणि स्वतःचं नाव तीनदा पुकारलं. ज्या आवाजानं कोर्टाच्या आवारातली कबुतरं उडायची, तो आवाज विहिरीनं गिळला. मग त्यांनी मुक्ताचं नाव घेतलं. ते लगेच आलं, तिन्ही वेळा. मुक्ता 'हजर' म्हणाली आणि पाण्यात पडली.

आठ दिवसांत ती मासोळीसारखी पोहायला लागली. काका मात्र पुन्हा कधी पाण्यात उतरले नाहीत, काठावरून दोर धरून शिकवत राहिले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "जामीनदारानं जपून राहायचं असतं." मी चोरून त्यांचं नाव विहिरीत कितीदा तरी पुकारून पाहिलं. एकदाही परत आलं नाही.

काका गेले ते बारा वर्षांनी, भर दुपारी, घरच्या पलंगावर. काकूंना दोनच हाका ऐकू आल्या. तिसऱ्या हाकेची वाट बघत त्या चहाचा कप घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

दहाव्याचं आटोपून रामकुंडावरून आम्ही परतलो, तशी मुक्ता विहिरीकडे निघाली. आता कॉलेजात जाणारी मुलगी. मी मागोमाग गेलो. तिनं वाकून काकांचं पूर्ण नाव पुकारलं, तीनदा. तिन्ही वेळा नाव वर आलं. खाली गेलेला आवाज मुक्ताचा होता, वर आलेला काकांचा. मी घाबरलो का, तर हो. पण त्याहून जास्त मला रडू आलं.

मग मुक्ता त्यांच्या वतीनं हळूच म्हणाली, "हजर."