मुकादमाची जन्मतारीख

धोंडिबा मुकादमांचा अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. कल्याणच्या आमच्या ऑफिसात कामगारांच्या नेमणुका, बढत्या, निवृत्ती यांच्या फायली मी सांभाळते. कंपनी छोटी. शीळफाट्याच्या पुढच्या गोदामांकडे जाणाऱ्या मालगाड्यांचे रूळ राखायचे, एवढंच तिचं काम. पण गेली पाच वर्षं ती मोठ्या रेल्वेत विलीन होणार अशी बोलवा होती. कामगार त्याला 'मर्जर' म्हणायचे. मर्जरच्या दिवशी जो हजेरीपटावर असेल त्याला पेन्शन, आणि नवराबायकोला रेल्वेच्या दवाखान्यात जन्मभर उपचार, असं सगळे सांगायचे. कागदावर काहीच नव्हतं. कधी दिवाळीनंतर होणार, कधी बजेटनंतर.

धोंडिबांची कागदावरची जन्मतारीख एक जून १९६४. गुरुजींनी शाळेत नाव घालताना ठोकून दिलेली, त्यांच्या पिढीतल्या निम्म्या माणसांची असते तशी. त्या हिशेबानं ते २०२४च्या मे अखेरीस निवृत्त होणार होते. जानेवारीत एका दुपारी ते आले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. गावच्या ग्रामपंचायतीतल्या जन्मनोंदीचा उतारा. त्यांच्या मुलीनं, प्रियांकानं, चार खेपा घालून मिळवला होता. त्यात त्यांचा जन्म मार्च १९६६चा होता. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं नोकरी शिल्लक.

"दोन वर्षांत मर्जर होईल ना मॅडम?" त्यांनी विचारलं. "बायकोचं, शालनचं डायलिसिस आहे, आठवड्यातून दोनदा. मी घरी बसलो की कंपनीचं मेडिकल बंद."

मी अर्ज वाचला. प्रियांकाच्या वळणदार अक्षरात होता. शेवटी मात्र धोंडिबांनी स्वतःच्या हातानं एक वाक्य लिहिलं होतं: 'खऱ्या जन्मतारखेप्रमाणे श्री. गुणाजी हे माझ्यापेक्षा मोठे असून मुकादमाची जागा त्यांची होती.'

धोंडिबा आणि गुणाजी १९९०ला एकाच दिवशी रुजू झाले होते. एकाच दिवशी लागलेल्यांत वयानं मोठा तो सीनियर, असा आमच्याकडे नियम. गुणाजींचा जन्म १९६५च्या ऑक्टोबरमधला. २००३ साली मुकादमाची एकच जागा निघाली, ती एक जूनच्या जोरावर धोंडिबांना मिळाली. गुणाजी त्यांच्या हाताखाली हातोडा चालवत राहिले. तरी दोघांचं सख्य कधी तुटलं नाही. एकाच डब्यात जेवायचे.

"हे वाक्य काढा," मी म्हटलं. "याची काही गरज नाही."

"नको मॅडम. खरं सांगायचं तर सगळंच सांगतो."

त्याच संध्याकाळी त्यांनी गुणाजींनाही सांगून टाकलं.

आठवड्यानं गुणाजी फंडाचा फॉर्म द्यायला आले. धोंडिबा बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते, अर्जाचं काय झालं ते विचारायला आलेले. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"तुला हे कधी कळलं?" गुणाजींनी विचारलं.

धोंडिबा ग्रामपंचायतीच्या कागदाचं सांगू लागले.

"कागद आत्ता मिळाला म्हणतोस. कळलं कधी?"

"आई सांगायची," धोंडिबा म्हणाले. "लहानपणापासून माहीत होतं."

"म्हणजे मुकादम झालास तेव्हाही?"

"हो."

"आणि बोलला नाहीस."

"क्वार्टर मिळणार होतं रे. प्रियांका तान्ही होती. वाटलं, पुढची जागा तुलाच येईल."

"पुढची जागा आलीच नाही," गुणाजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या राकेशला मी त्याच वर्षी दहावीनंतर कारखान्यात लावला. रडत गेलेला पोरगा. तू आलेलास त्याची समजूत घालायला."

फॉर्म माझ्याकडे न देताच ते निघून गेले.

अर्ज तीन आठवड्यांत फेटाळला गेला. जन्मतारीख बदलायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत, असा नियम आहे. मला तो पहिल्या दिवसापासून माहीत होता. पण पिशवीतून कागद काढतानाचा त्यांचा चेहरा बघून सांगायचा धीर झाला नव्हता. नकाराचं पत्र मीच टाइप केलं.

मे अखेरीस शाल, नारळ, फोटो झाले. फोटो काढताना धोंडिबा दोनदा गेटकडे बघत होते. गुणाजींनी त्या दिवशी रजा टाकली होती.

पुढे एका रविवारी धोंडिबा कळव्याला गुणाजींच्या घरी गेले. गुणाजींच्या बायकोनं, हौसाबाईंनी, दारातच पाणी दिलं नि "झोपलेत" म्हणाल्या. आत टीव्हीवर मॅच चालू होती, विकेट पडल्यावर गुणाजींचाच आवाज आला. "मी पाणी पिऊन निघालो," धोंडिबांनी मला सांगितलं. "त्या माउलीला तरी किती खोटं बोलायला लावायचं?"

क्वार्टर सुटलं, ते विठ्ठलवाडीला भाड्याच्या खोलीत गेले. शालनताईंचं डायलिसिस दोनदाचं एकदावर आलं. ते त्यांनी स्वतःच आणलं. दुसऱ्या वारी "आज बरं वाटतंय" म्हणून अंथरुणातून उठायच्याच नाहीत. डिसेंबरात त्या गेल्या.

मी गेले होते. बुद्धवंदना झाली, तिरडी उचलायची वेळ आली आणि गुणाजी गल्लीच्या तोंडाशी दिसले. ते आले, डावीकडचा मागचा खांदा घेतला आणि स्मशानापर्यंत कुणाला बदलू दिला नाही. धोंडिबा पुढे होते. त्यांनी वळून पाहिलं तोवर गुणाजी फाटकाबाहेर चप्पल घालत होते.

गेल्या ऑक्टोबरात गुणाजीही निवृत्त झाले. मर्जर अजून झालेलं नाही, आता एप्रिलमध्ये म्हणतात. निरोपाच्या दिवशी मी त्यांना विचारलं, "धोंडिबांना बोलावलंत?"

"फोन हातात घेतलेला," ते म्हणाले. "काय बोलायचं ते सुचलं नाही."

महिन्याभरानं धोंडिबा फंडाच्या कामासाठी आले, तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ पिशवीची गाठ सोडत नि बांधत राहिले.

"किती वाजता होता कार्यक्रम?"

"चार वाजता."

"मी घरीच होतो," ते म्हणाले.