विनोदची ओळ येईपर्यंत

कॉम्प्युटरवाल्यांचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते आपोआप साचतात. जुन्या फ्लॉप्या फेकायला कपाट उघडावं, तर फ्लॉपी राहते बाजूला आणि एकेक माणूसच बाहेर पडतो! जळगावच्या कॉलेजातल्या आमच्या लॅबचे माझ्याकडे एवढे किस्से आहेत की बस्स. हसत सांगायला बसतो आणि मधेच उठून जातो. बायको म्हणते, "तुमचा एकही किस्सा कधी शेवटाला जात नाही." म्हणून म्हटलं, आज एकदाचं सगळं सांगून टाकू.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही चौघं इंजिनिअरिंगला. मी, शकील, विनोद आणि वंदना. वंदना आमच्याहून वर्षाने पुढे, म्हणून सगळ्यांची अक्का. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली आणि लॅबमधल्या एका टाकाऊ मशीनवर आम्ही ती चढवली. अक्काने त्यावर एक खेळ लिहिला. चित्रं वगैरे काही नाही, स्क्रीनवर नुसती अक्षरं. एका गावाचा आठवडे बाजार भरलाय आणि त्यात वाघ सुटलाय. "उत्तर", "दक्षिण" असं लॅबमधल्या आपापल्या मशीनवरून टाइप करत सगळ्यांनी एकत्र पळायचं. उशीर झाला की वाघ खाणार!

त्याच वर्षी विनोदच्या पायांतली ताकद गेली. स्नायूंचा आजार. लॅब दुसऱ्या मजल्यावर. आधी तो कठडा धरून चढायचा, मग शकीलच्या खांद्यावर, मग एके दिवशी धुळ्याहून त्याचे वडील आले आणि त्याला घरी घेऊन गेले. हे वाढत जाणार, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं.

फोनवरून कॉम्प्युटर जोडायला आम्ही लॅबच्या फोनला मोडेम लावलं. दर रविवारी सकाळी दहाला विनोद धुळ्याच्या घरातल्या कॉम्प्युटरवरून फोन जोडायचा, स्क्रीनवर "विनोद आला" उमटायचं आणि आम्ही तिघं बेंच बडवायचो. त्याच्या आठवड्यात तेवढा एकच तास होता. बाकी सगळा वेळ पलंग आणि खिडकी.

आणि तोही तास धड जाईना! अर्ध्या तासात खेळ गचके खायला लागायचा. हार्ड डिस्कचं खर्र खर्र सुरू. विनोदने "उत्तर" म्हणावं आणि मशीनने मिनिटभराने ऐकावं, तोवर वाघाने त्याला खाल्लेलं. खऱ्या आयुष्यात पळणं संपलेला आमचा मित्र खेळातही पळू शकत नव्हता. मला फार लागायचं ते.

*

पहिलं निदान केलं नानांनी. नाना आमचे लॅबचे शिपाई, बोलणं अस्सल अहिराणी.

"मशीन तापी गयं शे! जयगावना उन्हायात मानूस थकस, हाई तं डबडं शे!"

त्यांनी स्टाफरूममधला कूलर ढकलत आणला आणि थेट मशीनच्या तोंडावर सोडला. मशीन गार झालं. आम्हीही गार झालो. खेळ तेवढाच हळू. वर आतल्या एका पत्र्याला आठवड्याभरात गंज चढला. नाना त्याला खोबरेल तेल लावताना सापडले!

*

शकीलच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे बिघाड शोधणं त्याच्या रक्तातच. तो म्हणाला, "अंदाज बंद. मोजा." लिनक्सला विचारलं, मेमरी किती उरली? उत्तर आलं, जवळजवळ शून्य. मेमरी भरली की लिनक्स सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. या ने-आणीतच आमचा विनोद वाघाच्या तोंडी जात होता.

आता मेमरी आणायची कुठून? प्राचार्यांच्या केबिनमधला कॉम्प्युटर रविवारी रिकामाच असायचा! नानांनी किल्ली दिली. आम्ही त्यातल्या मेमरीच्या पट्ट्या काढून, रुमालात गुंडाळून लॅबमध्ये आणायचो आणि संध्याकाळी परत बसवायचो.

एका सोमवारी प्राचार्यांचं मशीन सुरूच होईना, नुसत्या शिट्ट्या मारतंय. पट्टी नीट बसली नव्हती. बोलावणं आलं शकीललाच! त्याने झाकण उघडलं, पट्टी दाबली, दोन मिनिटांत मशीन सुरू. प्राचार्यांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "तुमच्यासारखी मुलं हवीत कॉलेजला!"

एवढं करून खेळ साडेदहाऐवजी पावणेअकराला अडायचा. टाकी मोठी केली होती, गळती तशीच होती.

*

गळती सापडली ती अशी. शकीलने एकदा बाजारात उभ्या असलेल्या सगळ्यांची यादी काढली. खेळणारे आम्ही चौघं. बाजारात उभे एकशे बारा! त्यात एकटे विनोदच एकोणचाळीस!

"अक्का, हे काय?"

अक्का गोरीमोरी झाली. खेळातून बाहेर पडायला तिने "जातो" असा हुकूम ठेवलाच नव्हता. आपल्याकडे घरातून निघताना कुणी "जातो" म्हणतं का? "येतो" म्हणतात. त्यातून विनोदची तब्येत अशी. तेव्हा हुकूम होता "येतो". आणि येतो म्हटलेल्या माणसाला प्रोग्राम पुसायचाच नाही! तो परत येणार म्हणून त्याची जागा, पिशवी, सगळं मेमरीत तसंच धरून ठेवायचा. परत आलं की नवा माणूस तयार. फोन तुटला की आणखी एक. मशीन बंद करताना अख्खा बाजार डिस्कवर उतरवायचा आणि सुरू होताच परत मेमरीत चढवायचा ही आमची शान, त्यामुळे गर्दी वाढतच गेली.

"एक ओळ लिही. गेला की पुसून टाक," शकील म्हणाला.

"मी नाही लिहिणार," अक्का म्हणाली. "विनोदला पुसायची ओळ मी माझ्या हाताने नाही लिहिणार."

ती रडायलाच लागली. शेवटी शकीलने मधला मार्ग काढला. येतो म्हटलं की माणसाला मेमरीतून उठवून डिस्कवरच्या फायलीत बसवायचं, आला की तिथूनच परत बोलवायचं. कुणी पुसलं जाणार नाही आणि मेमरीही रिकामी. त्या रविवारी मशीन असं पळालं की नाना म्हणाले, "आते तं हाई घोडं व्हयनं!"

*

पण विनोदची ओळ तरीही उशिरानेच यायची, शकील त्याला लॅग म्हणायचा. आम्ही तिघं पटापट, त्याचंच अडतंय. फोनची लाइन तपासली. मोडेम बदललं. मग शकीलने दुसरं मोडेम पिशवीत घालून मलाच धुळ्याच्या एसटीत बसवलं.

विनोदच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. कोर्टातून निवृत्त झालेले टायपिस्ट, बोटं अशी की बघत राहावं. पण ते कॉम्प्युटरपासून चार हात लांब, हाताची घडी घालून उभे होते.

विनोदच्या दोन्ही कोपरांखाली उशा होत्या. त्याने एका बोटाने एक अक्षर दाबलं. हात मांडीवर पडला. दम घेतला. मग दुसरं अक्षर.

लाइन चांगली होती. मोडेम चांगलं होतं.

आबा हळूच म्हणाले, "तू सांग बेटा, मी टाइप करी देस."

"आबा, मी शे तोपर्यंत कीबोर्डले हात लावानं नही." मग माझ्याकडे बघून हसला. "तिकडे सांगू नकोस. अक्का लगेच वाघ काढून टाकेल. वाघ नसला तर मग खेळायचं काय?"

मी मोडेमची पिशवी उघडलीच नाही. परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत रडत होतो. लॅबमध्ये येऊन सांगितलं, "लाइन खराब आहे."

*

मग मी एक उद्योग केला. अक्काच्या प्रोग्राममध्ये चोरून एक ओळ घातली. विनोदची ओळ येईपर्यंत बाकी सगळ्यांच्या ओळी थांबवून ठेवायच्या. वाघसुद्धा!

शकील वेडा व्हायचा बाकी राहिला. "मेमरी अर्धी रिकामी, लोड नाही, काही नाही, तरी सगळे मुंगीच्या चालीने! असं कसं?" त्याने केबल बदलली. लिनक्स दोनदा नव्याने चढवलं. मी त्याला टॉर्च धरून मदत करत होतो! विनोद मात्र आता मजेत जिंकत होता. एकदा त्याने लिहिलं, "वाघ म्हातारा झाला का?" आम्ही पोट धरधरून हसलो.

पोळ्याच्या सुमारास अर्धं मिनिट थांबावं लागायचं. दिवाळीत दोन मिनिटं. संक्रांतीला चार. बाकीचे मशीनला शिव्या घालायचे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, विनोदच्या एकेका अक्षराला किती वेळ लागतोय ते मोजत बसायचो.

*

त्यानंतर दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी बरोबर दहाला स्क्रीनवर उमटलं, "विनोद आला."

आम्ही बेंच बडवले. अक्काने "उत्तर" टाइप केलं आणि बोट उचलायच्या आत बाजार हलला. वाघाने उडी मारली. शकीलने "दक्षिण" म्हटलं, लगेच तो दक्षिणेला! विनोदच्या ओळी एकामागून एक येत होत्या, सरळ, एकही चूक नाही, प्रत्येकीच्या शेवटी पूर्णविराम, कोर्टातल्या कागदासारख्या.

"नमस्कार. सर्वांना नमस्कार. उशीर झाला, क्षमा असावी."

"गेला!" शकील स्टुलावर चढून नाचायला लागला. "लॅग गेला! लाइन सुधारली! मी म्हणत नव्हतो?" नाना टाळ्या वाजवत आत आले. अक्का हसत होती आणि डोळे पुसत होती. तिने मला कोपराने ढोसलं.

"अरे, तू का गप्प? वाजव ना टाळ्या!"

मी वाजवल्या.