मधली ओळ

दूध वर यायला आणि दारावर थाप पडायला एकच गाठ पडली. सकाळी साडेसहाला आमच्याकडे कुणी येत नाही. हे एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होते, मुलगी पांघरुणातून बाहेर यायला तयार नव्हती, आणि स्वयंपाकघराची काच थंडीनं इतकी धुरकटली होती की बाहेर उजाडलंय की नाही तेच कळेना. गॅस बारीक करून, ओले हात पुसत मी दार उघडलं.

दारात वेधशाळा उभी होती.

वेधशाळा हे एका माणसाचं टोपणनाव. साठी उलटलेला उंच माणूस, डाव्या गुडघ्यात अधू, अंगात बारा महिने तोच निळा स्वेटर. आमच्या गल्लीच्या पायऱ्या उतरलं की बंदर लागतं. तिथं बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाला एक काळा फळा आहे. आमचे हे त्याच कारखान्यात कामाला आहेत. गेली चौदा वर्षं, थंडीचे चार महिने, त्या फळ्यावर रोज सकाळी तीन ओळी लिहायच्या हे या माणसाचं काम. पगार नाही, हुद्दा नाही, कुणी नेमलेलंही नाही. कुणीतरी थट्टेनं वेधशाळा म्हणालं आणि ते चिकटलं. पुढे पुढे त्यांचं खरं नाव विचारलं असतं, तर बंदरावरच्या निम्म्या लोकांना आठवावं लागलं असतं.

वरची ओळ खोल समुद्राची. तिथं ते नुसतं ‘बाहेर’ असं लिहीत. मधली ‘काठाजवळ’, म्हणजे दगडी बांधाच्या टोकापासून दोन-तीन मैलांची, छोट्या होड्यांसाठी. खालची ‘वाळू’, किनाऱ्यावर उभं राहून गळ टाकणाऱ्यांसाठी.

मी एकदा विचारलं होतं, “काका, थंडीतच का? एरवी नको का लोकांना?”

“एरवी समुद्र काय ते तोंडावर सांगतो, ताई. थंडीत तो गोड बोलतो.”

खडू माझ्याकडून जायचे. मुलीला घरी शिकवायला मी खोकंभर आणून ठेवते. थंडी सुरू झाली की काका दारात येऊन म्हणत, “सरकारी पुरवठा आला का?” मग आठ-पंधरा दिवसांनी कागदात गुंडाळलेला एखादा मासा दारात यायचा. कुणी ठेवला ते विचारायचं नाही.

त्यांचं लिहिणं मला फार आवडायचं. भाजी आणायला खाली गेले की मी वळसा घालून फळा वाचून यायची. ‘बाहेर: मासा तळाला बसलाय, दोरी लांब घ्या. दुपारनंतर वारा.’ ‘काठाजवळ: पाणी नितळ, माशाला दोरी दिसते, बारीक वापरा. आमिष हळू ओढा, तोही थंडीनं सुस्त आहे, तुमच्यासारखा.’ ‘वाळू: दोन उंचवट्यांमधल्या खळग्यात टाका, भरतीला, ऊन चढल्यावर.’ आणि काहीच नसेल तेव्हा, ‘वाळू: मासे नाहीत. ऊन छान आहे.’

“मोबाइलवर येतं की सगळं,” हे एकदा म्हणाले होते.

“मोबाइलवर सगळ्या समुद्राचं येतं, साहेब,” काका म्हणाले. “आपल्या बांधापलीकडचं नाही येत.”

ते बांधापलीकडचं बघायला ते रोज पहाटे बांधाच्या टोकापर्यंत चालत जात. तीनशे पावलं, ओल्या दगडांवरून, त्या गुडघ्यासकट. टोकाला एका बांबूवर कापडाची चिंधी बांधलेली आहे. आधी ती बघायची. मग दगडावर आडवं होऊन पाण्यात कोपर बुडवायचं. हात नाही, कोपर. हात राबून राबून मेलेला असतो, त्याला काही कळत नाही, असं ते म्हणत. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी आपण कोपरानं बघतो ना, तसंच. मग परत यायचं, कालचा फळा पुसायचा आणि आजचा लिहायचा.

पुसण्याचा एक नियम होता, तो त्यांनी केलेला नव्हता, आधीपासूनचा होता. आदल्या दिवशी गेलेली शेवटची होडी परत आल्याशिवाय फळा पुसायचा नाही. कुणी बाहेर असताना त्याला सांगितलेला शब्द पुसला, तर त्या माणसाला वाऱ्यावर सोडल्यासारखं होतं, असं बंदरावर मानतात. एरवी त्यानं काही अडत नाही. होड्या संध्याकाळपर्यंत येतातच.

काकांच्या घरी म्हणजे दुसरं कुणी नव्हतं. बायको लवकर गेली. मूल नव्हतं. धाकटा भाऊ बारा वर्षांनी लहान, त्याला त्यांनीच वाढवलं, त्यांनीच पाण्यात घातलं. स्वतः खोल समुद्रात तीस वर्षं काढली. एका हिवाळ्यात होडी आणि धक्का यांच्यामध्ये गुडघा सापडला, तेव्हापासून ते जमिनीवर आले. खोली स्वतंत्र, पण जेवण धाकट्याकडे. धाकट्याची बायको वाढायची आणि वाढता वाढता बोलायची. “भावोजी, आज वेधशाळेचा अंदाज काय, भाताला बसणार का उभ्यानंच खाणार?” धाकटा मुकाट जेवायचा. फार बोलका नव्हता तो. त्याचं एकच वाक्य बंदरावर प्रसिद्ध होतं. कुणी हवेबद्दल शंका काढली की तो दोर सोडता सोडता म्हणायचा, “दादानं लिहिलंय ना? मग झालं.”

एकोणीस दिवसांपूर्वीच्या पहाटे काकांचा गुडघा टम्म सुजला होता. आदल्या रात्री खूप दव पडलं होतं, बांधावरचे दगड बुळबुळीत झाले होते. ते धक्क्याच्या पायऱ्यांपर्यंत गेले, उभे राहिले. समोर पाणी काचेसारखं. एक सुरकुती नाही. त्यांनी पायरीवरच वाकून कोपर बुडवलं, तिथूनच मागे फिरले आणि तीन ओळी लिहिल्या.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात आपण मतलई वारे पाठ केले होते, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे. परीक्षेपुरतं पाठ करायचं आणि विसरायचं. पण बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की असा वारा सुटला की किनाऱ्याजवळचं पाणी भिंतीच्या आडोशाला उभं राहिल्यासारखं शांत असतं, आणि बांध संपला की आडोसा संपतो. टोकाची चिंधी बघितली असती तर ती समुद्राकडे ताठ उभी दिसली असती. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चिंधी बघितली नव्हती. तीनशे पावलं वाचवली होती.

वर ‘बाहेर: वाऱ्याचा इशारा आहे, जाऊ नका’, खाली ‘वाळू: मासे नाहीत’, आणि मधली ओळ अशी होती: ‘काठाजवळ: शांत. मासा सुस्त. दुपारपर्यंत हरकत नाही.’

सहा होड्या गेल्या. आठच्या सुमाराला पाच परत आल्या, माणसं नखशिखांत भिजलेली, दात वाजत असलेली. सहावी धाकट्याची. तो सगळ्यात पुढे होता. परत आलेल्यांपैकी एकानं, मनात काही नसताना, काकांना सांगून टाकलं, “मी हाका मारल्या हो त्याला. फीर म्हटलं. तर तो म्हणाला, फळ्यावर दुपारपर्यंतचं लिहिलंय, निवळेल.”

तीन दिवस शोधलं. होडीची एक फळी आणि तेलाचा डबा मिळाला, तेही वाळूवर, खालच्या ओळीच्या हद्दीत. माणूस मिळाला नाही.

त्यानंतर काका बंदरावर दिसले नाहीत. मी एकदा त्यांच्या खोलीवर गेले होते. खाट, स्टोव्ह, खिळ्याला स्वेटर, आणि खिडकी बंदराच्या बाजूला असल्यामुळे खिडकीवर वर्तमानपत्र चिकटवलेलं. टेबलावर डबा होता, न उघडलेला.

“रोज येतो,” ते डब्याकडे बघत म्हणाले. “ती स्वतः आणून देते. शिव्या देत नाही. एक शब्द बोलत नाही, ताई. मीठसुद्धा बरोबर असतं.”

मी उगाच स्टोव्हवर चहा ठेवला, दोघांनी तो गार होईपर्यंत धरून ठेवला.

धाकट्याची बायको मला रोज संध्याकाळी दिसते. दिवे लागायच्या आधी ती फळ्यापाशी येऊन उभी राहते. वाचत नाही, नुसतं बघते आणि परत जाते. एकदा मला पाहून म्हणाली, “अजून पुसलेला नाही ना?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “मग ठीक आहे,” आणि झपझप निघून गेली, घरी कुणी वाट बघत असल्यासारखी.

म्हणून फळा तसाच राहिला. पत्र्याच्या आडोशाला दवही पोचत नाही, खडू जसाच्या तसा. बाकीचे होडीवाले मान खाली घालून फळ्यावरून जातात आणि एकमेकांना विचारत, चाचपडत पाण्यात शिरतात. त्यांच्यातला कुणी पुसणार नाही. आणि काकांनी फळ्यावर कधी तारीख घातली नव्हती. रोज नवा लिहायचा, तर तारीख कशाला?

आणि आता ते माझ्या दारात उभे होते, स्वेटर उलटा घातलेला, दाढी वाढलेली.

“या ना काका, आत या.”

“नको. पाय ओले आहेत.” मग खाली बघून, “बंदरावर गेलो होतो.”

हे मोजा हातात घेऊन मागे येऊन उभे राहिले. यांनी खुर्ची पुढे सरकवली. काका उंबऱ्याच्या आतच, खुर्चीच्या कडेवर टेकले. मी थर्मासमधला चहा कपात ओतला. कप टेबलावर त्यांच्याजवळ ठेवला.

“काल सकाळी एक पाहुणा आला होता खाली,” ते म्हणाले. “परगावचा. गळ, टोपी, सगळा नवा थाट. हवा भरायची छोटी नाव आणलेली. मी खिडकीचा कागद जरासा सोडवून बघत होतो.”

“मग?”

“फळा वाचला त्यानं. खूश झाला. नाव उतरवायला लागला. मी धावलो. हा पाय घेऊन धावलो, पायऱ्यांवर पडलोसुद्धा.” त्यांनी तळवा दाखवला, सोललेला. “जाऊ नका म्हटलं. तर हसला. म्हणाला, आजोबा, इथं तर लिहिलंय, शांत आहे, दुपारपर्यंत हरकत नाही. काय सांगू त्याला? ते लिहिणाराच मी आहे म्हणून सांगू?”

“गेला का तो?” यांनी विचारलं.

“नाही. त्याच्या नावेवर बसून राहिलो. वेडा समजला मला. गेला निघून शेवटी.” मग म्हणाले, “आज दुसरा येईल. सुट्ट्या लागल्यात. आज मी कुठं कुठं बसू?”

दूध केव्हाच उतू गेलं होतं, त्याचा जळका वास घरभर पसरला. मी उठून गॅस बंद केला. परत आले तेव्हा हे त्यांना म्हणत होते, “काका, मी पुसून टाकतो आत्ता जाता जाता. सबंध पुसतो. वाटेवरच तर आहे. आणि बरं वाटलं की तुम्ही नवा लिहा.”

“मी आता काही लिहिणार नाही, साहेब.” हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, आज भाजी नको म्हणावं तसं. “ज्यानं लिहायचं त्यानं टोकापर्यंत जायचं असतं. मला टोकापर्यंत जाववत नाही. गेल्या आठवड्यात दोनदा, कुणी उठायच्या आत, निघालो. शंभर पावलांवर उभा राहिलो. पुढे पाणी दिसतं ना.”

“मग नुसता पुसू,” हे म्हणाले. “कोरा राहू दे.”

“सबंध नाही पुसायचा.” काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. “एक होडी यायची आहे.”

एकोणीस दिवस झाले होते. हिशोब काकांनाही येत होता, आमच्यापेक्षा चांगला येत होता. पाणी किती थंड, त्यात माणूस किती वेळ टिकतो, प्रवाह कुठल्या बाजूला नेतो, हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं.

“ती संध्याकाळी येते,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. “तिला कोरा दिसला तर ती रात्री डबा नाही आणायची. मला जेवण नको आहे, ताई, तसं नाही. पण ती डबा भरते म्हणजे अजून चूल पेटवते.”

मी मान हलवली. मला कळलं होतं.

“मी पहाटे फडकं घेऊन गेलो होतो. फळ्यासमोर उभा राहिलो. हात वर जात नाही. माझं अक्षर आहे, त्याला सांगितलेला शब्द आहे, तो अजून आलेला नाही. माझ्यानं नाही होत ते. होडीवाल्यांच्यानं होणार नाही, आणि साहेबांनाही नको. ते बर्फ देतात, त्यांचं रोजचं देणंघेणं आहे पाण्याशी. तुम्ही पाण्यातल्या नाही. तुम्ही खडू देणाऱ्या.”

त्यांनी स्वेटरच्या खिशातून फडकं काढलं. धुतलेलं, नीट चौकोनी घडी घातलेलं होतं. माझ्या हातात दिलं.

“वरची ओळ त्या दिवशी बरोबर होती, ताई. खालचीही बरोबर होती. त्या राहू द्या. मधली ओळ तेवढी पुसून या.”