तीन मैफली, सव्वीस सत्कार आणि मामांचं एक पद

वैजनाथमामांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात बसून एका मैफलीवर लिहीत होते, म्हणजे गायकाचं काय काय चुकलं याची यादी करत होते. हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माझी ही सवय ठाऊक आहे. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीला त्यांची शेती आहे आणि गावच्या भजनी मंडळात गेली चाळीस वर्षं ते पेटी घेऊन पुढे बसतात.

"सुलू, पुढच्या सोमवारी दात काढायलेत माझे," मामा म्हणाले. "हायेत तेवढे सगळे. कवळी बसली की अक्षर घसरतंय म्हणत्यात. त्याच्या आधी रविवारी देवळात एकदा आपलं पद पुरं म्हणायचंय. तू ऐकाय ये. आन् तुझ्या मोबाइलमदी धरून ठेव."

'आपलं पद' म्हणजे मामांना त्यांच्या गुरूंनी शिकवलेलं, चांगलं बारा मिनिटांचं पद. लहानपणी मी ते दर सुट्टीत ऐकलं, पण तुकड्या-तुकड्यांत. कधी पाहुणे यायचे, कधी म्हैस सुटायची. मामांनी आजवर माझ्याकडे काहीच मागितलेलं नव्हतं. जायचं ठरलं.

पण मी पडले हावरी. तिकडे जायचंच तर शनिवारी धाराशिवला शास्त्रीय गायनाची सकाळची मैफल होती आणि संध्याकाळी येरमाळ्याला ऑर्केस्ट्रा. दोन दिवसांत तीन प्रकारचं संगीत. नवरा गाडी चालवायला तयार झाला. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही आणि त्याचा त्याला अभिमान आहे. त्याची अट एकच, जेवण वेळेवर.

शुक्रवारी दुपारी निघालो. टेंभुर्णीपर्यंत रस्ता झकास, तिथून कुर्डुवाडी, बार्शी करत धाराशिव. पाच तासांचा प्रवास, चहा धरून सहा. बसस्थानकाजवळच्या लॉजवर अकराशे रुपयांत खोली मिळाली. गरम पाणी सकाळी सहा ते साडेसात. गुलाबजाम मात्र इथे खायलाच हवेत. नवऱ्याने चार खाल्ले आणि सहल वसूल झाल्याचं जाहीर केलं.

मैफल सात वाजता होती. पत्रिकेत 'प्रातःकालीन रागांची पर्वणी' असं छापलं होतं. आम्ही पावणेसातला पोचलो तेव्हा सभागृहात सतरंज्या अंथरणं चाललं होतं. आठला पाहुणे आले. सव्वाआठला दीपप्रज्वलन सुरू झालं, पण पंख्याखाली समई टिकेना. मग पंखे बंद केले आणि सत्कार सुरू झाले. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, ज्यांच्यामुळे पाहुणे आले ते, माइकवाले, मंडपवाले. नवऱ्याने बोटांवर मोजले, अकरा. सूत्रसंचालक दर शालीला एक शेर म्हणत होते आणि शेर संपला की स्वतःच वाहवा म्हणत होते. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे घाणाच आणून बसवला होता.

गायकबुवांनी तोडी सुरू केली तेव्हा साडेदहा वाजले होते. माझ्या शेजारी बेंबळीहून आलेले एक काका बसले होते, फेटा मांडीवर ठेवून. ते हळूच मला म्हणाले, "ताई, हा राग सकाळचाच हाय नव्हं?"

"हो."

"मंग आता शिळा झाला की ओ. ताजा हुता तवा हे शाली वाटत बसले."

बुवा तयारीचे होते, पण त्यांना साडेअकराला सोलापूरची गाडी गाठायची होती. त्यांनी विलंबित ख्याल असा आटोपला, जसा कुणी दारात रिक्षा उभी करून देवदर्शन उरकतो. जाताना "तुमच्यासारखा श्रोता पुण्यामुंबईत नाही" असं म्हणाले. हे वाक्य ते पुण्यात पुणं वगळून म्हणतात, मी स्वतः ऐकलंय. मी वहीत सगळं टिपलं आणि मनातल्या मनात माझ्या लेखाचा मथळाही ठरवला.

दुपारी थाळी खाल्ली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि डोळ्यांतून पाणी काढणारी वांग्याची भाजी, एकशे वीस रुपये. मग येरमाळ्याकडे निघालो. हायवे आहे, पाऊण तास पुरतो. वाटेत खव्याचे पेढे घ्या, पण आधी एक खाऊन बघा आणि मग पाव किलो म्हणा.

येरमाळ्याला हायवेलगत एका नव्या मंगल कार्यालयाचं उद्घाटन होतं आणि त्यानिमित्त ऑर्केस्ट्रा. फाटकात चार हलगीवाले उभे होते. पाहुण्यांच्या स्वागताला आणलेले. मी गाडीतून उतरले आणि तिथेच खिळले. डाव्या हाताच्या काडीचं ते बारीक कुरकुरणं, त्यावर उजव्या हाताचा ठोका, आणि चौघं एकमेकांकडे न बघता एकाच क्षणी वळण घेत होते. दोन दिवसांत मी ऐकलेलं सगळ्यात चोख वाजवणं ते होतं. तेवढ्यात एक पांढरी गाडी आली, माणसं धावली आणि कुणीतरी ओरडलं, "ए, बंद करा रे, कार्यक्रम सुरू करायचाय!"

मी त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याला म्हटलं, "दादा, तुम्ही का थांबलात? फार सुंदर चाललं होतं."

"आमचं पाव्हणं येईपर्यंतच असतंय, ताई," ते हलगी काखेत मारत म्हणाले. "पाव्हणं आलं की आमी बंद."

आत आठ सत्कार झाले. मग कीबोर्डवाल्याने एक बटण दाबलं आणि बासरी, व्हायोलिन, ढोल सगळं एकदम वाजायला लागलं, तो स्वतः पाणी पीत होता. गायकाच्या माइकला इको एवढा की त्याने 'नमस्कार येरमाळा' म्हटलं ते तीनदा ऐकू आलं. सूर वर जायचा तिथे तो माइक श्रोत्यांकडे करायचा. श्रोत्यांना सूर लागला तर टाळ्या, नाही लागला तर शिट्ट्या. बाहेर एका ट्रकने हॉर्न दिला तो मात्र बरोबर पंचमात होता. नवऱ्याला हे सगळं आवडलं. "निदान काय चाललंय ते कळतं तरी," तो म्हणाला. आम्ही साडेसातला उठलो आणि मुक्कामाला धाराशिवला परतलो.

रविवारी बेंबळीमार्गे निघालो. रस्ता अरुंद आहे, पण खड्डे प्रामाणिक, लांबून दिसतात. वाटेतल्या उजनी गावात (धरणाची उजनी वेगळी) बासुंदीसाठी थांबलो, ही सूचना नवऱ्याची. दीडला माकणीत पोचलो. मामा देवळाच्या पायरीवरच उभे होते, धुतलेलं धोतर, नवी टोपी. खालचे तीन आणि वरचे चार दात दाखवत हसले.

"आलीस बघ. आता माझं काम झालं," म्हणाले.

देवळाच्या मंडपात कुणीतरी दिलेल्या नव्या साउंडचं उद्घाटन होतं, आणि उद्घाटनानंतर मामांचं पद. सुरुवातीलाच सांगण्यात आलं की लाइनचं काम चालू आहे, बरोबर चारला लाइट जाईल आणि साडेपाचला येईल. हे मी नीट ऐकलं. पुढे जे झालं त्यात मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

अडीचला सहा सत्कार झाले. मी मनात खूश होते, सहा म्हणजे जिल्ह्यातला नीचांक. तेवढ्यात देवस्थानच्या अध्यक्षांनी माइक घेतला. "आपल्या वैजनाथ अण्णांची भाची, पुण्याच्या ज्येष्ठ संगीततज्ज्ञ..." मी हात जोडून नको नको म्हटलं. पण नको दोन प्रकारचं असतं, आणि माझं दुसऱ्या प्रकारचं होतं. फेटा बांधला, शाल आली, नारळ आला. सव्विसावा सत्कार. मग "दोन शब्द" म्हणून माइक माझ्या हातात.

आणि मी कशावर बोलले असेन? सत्कारांवर! संगीत कसं सत्कारांखाली गुदमरतं, तोडी कशी शिळी होते, हलगीवाले कसे पाहुणे येताच गप्प होतात. लोक हसले. मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक आजोबा म्हणाले, "खरं हाय बगा!" मग मी सूत्रसंचालकांची नक्कल केली. मग गायकबुवांची. पेटी पुढ्यात घेऊन बसलेले मामाही हसत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नव्या साउंडवर माझा आवाज इतका छान येत होता की थांबवेना. समोर बसलेला नवरा मनगटावर बोट ठेवून मला घड्याळ दाखवत होता. मला वाटलं, त्याला भूक लागली असेल.

मी टाळ्यांच्या गजरात खाली बसले. मामांनी माइक जवळ ओढला, खाकरले, पेटीवर काळी दोनचा सूर धरला. आणि लाइट गेली.

मंडपात "अरारा" झालं. अध्यक्ष माझ्याकडे धावले. "ताई, तोवर आमच्या घरी चहा. समोरच हाय. पाव्हण्यांनी चहा घेतल्याबिगर जायचं न्हाय." मी मामांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ये जाऊन. आमी बसतोय." लाइट साडेपाचला येणार, मग पद, असा हिशेब मी केला. नवरा म्हणाला, "मी बसतो इथेच. पोट भरलंय." हे त्याच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

अध्यक्षांच्या घरी सुशीला होता, कुरमुऱ्यांचा, वर भरपूर शेंगदाणे. चहा झाला. घरातल्या बायकांनी मंडपात भाषण ऐकलं नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी मी बुवांची नक्कल पुन्हा केली. फोटो झाले. देवळात परतले तेव्हा पाच वाजत आले होते आणि मंडळी सतरंज्या झटकत होती. म्हशींच्या धारा काढायची वेळ झाली होती. लाइटची वाट बघितली असती तर ऐकायला कुणी उरलं नसतं, म्हणून मामांनी तसंच, माइकशिवाय म्हटलं होतं. पुरं. अखेरपर्यंत.

नवरा खांबाला टेकून बसला होता, हातात मोबाइल नाही, काही नाही.

मामा घामेजलेले, खुशीत होते. "डोळं मिटलं की म्या उघडतच न्हाय," म्हणाले. "ऐकलंस नव्हं? मागं उभारली हुतीस का?"

"हो," मी म्हटलं.

"मोबाइलमदी धरलंस?"

"बॅटरी संपली होती, मामा."

"असू दे. तू ऐकलंस, बास."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली काढली. परतीच्या वाटेवर तो बोलला ते बार्शीला जेवायला थांबण्यापुरतंच. मला त्याचा राग आला, कारण स्वतःचा येत होता आणि तो कुठे ठेवावा कळत नव्हतं. मी एकदा विचारलं, "कसं म्हटलं मामांनी?" तो म्हणाला, "चांगलं." गाण्यावर मी इतकी वर्षं लिहिते आहे, आणि त्या पदाबद्दल मला मिळालेला सगळा वृत्तान्त तो एक शब्द होता.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर नक्की जा. रस्ते ठीक आहेत, खाणं उत्तम, माणसं त्याहून उत्तम. कुणी शाल घेऊन येताना दिसलं तर मागच्या दाराने निघा.

हे इथेच संपवणार होते. पण काल मामांचा फोन आला. कवळी बसली आहे. स आणि श म्हणताना शिट्टी वाजते आणि त्याचं त्यांनाच हसू येतं. "पद आता पोरं म्हणत्यात, म्या टाळ धरतो," असं अगदी सहज सांगितलं. माझं भाषण गावात अजून गाजतंय, हेही सांगितलं. मग म्हणाले, "सुलू, तू जाणती हायेस म्हणून इचारतो. शेवटच्या कडव्याला म्या एक जागा घेतली, कधीच घेतली नव्हती. त्या दिवशी आपोआप आली. बरी वाटली का गं?"

मी कितीतरी गायकांच्या जागांवर, म्हणजे सुरांच्या अशा अवचित वळणांवर, लिहिलं आहे. तेव्हाही दोन वाक्यं जिभेवर आली होती, सुबक, कुणालाही पटतील अशी.

"मामा, मी नव्हते तिथे," मी म्हटलं. "मी चहा पीत होते."

"मंग जावईबापूंना दे जरा," मामा म्हणाले.

मी नवऱ्याला फोन दिला. तो पेपर बाजूला ठेवून उभा राहिला. "मामा, मला गाण्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण शेवटी तुम्ही मध्येच थांबलात ना, मला वाटलं, विसरलात. माझ्या पुढच्या आजी पण मान वर करून बघायला लागल्या. आणि मग तुम्ही खालून, अगदी हळू, परत वर गेलात..."

पलीकडून मामा एवढ्या मोठ्याने बोलायला लागले की मला खुर्चीतून ऐकू येत होतं. "व्हय, व्हय! तीच! तीच जागा!"