कुलूपबंद गाणी
सोल्डरचा वास आला की मला दारव्ह्यातलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं ते दुकान आठवतं. आई जाऊन महिना झाला होता. माझा लॅपटॉप हळू चालतो म्हणून भावाने तो परस्पर त्या दुकानात नेऊन नवीन विंडोज टाकून आणली, आणि आईचे फोटो आणि गाणी ठेवलेलं माझं फोल्डर उघडेनासं झालं. शेवटच्या उन्हाळ्यात आईला लॅपटॉपसमोर बसवून मी तिची गोरबोलीतली, म्हणजे आमच्या बंजारा बोलीतली, अकरा गाणी रेकॉर्ड केली होती. कुणी पुसू नये म्हणून मीच त्यांना विंडोजमधलं कुलूप घातलं होतं. भावाला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने बरीच खटपट करून फोटो उघडून दिले. गाण्यांची नावं पडद्यावर दिसत होती, पण एकही वाजेना. "ताई, याची चावी जुन्या विंडोजसंगंच गेली," तो म्हणाला. "मी भाऊले विचारलं होतं, आधी कॉपी काढू काय म्हणून. थे म्हणे, कामाचं काही नाही त्यात." भाऊ मोबाइलमध्ये बघत होता. मान वर न करता म्हणाला, "गाणेच त होते. कायले रडून राह्यली?" भावाला मी आजही राखी बांधते, त्याच्या घरी जेवते, आईविषयी मात्र त्याच्याशी एक शब्द बोलत नाही.