एक एल कमी

"स्पेलिंग बोल."

फोन उचलल्यावर ते हॅलो म्हणत नसत. आपण काय टाइप केलं ते अक्षर न् अक्षर सांगायचं. मग ते शांतपणे म्हणायचे, "पेरोलला एकच एल. पुढे अंडरस्कोर."

ज्याच्यावाचून कुणाचंच पान हलत नाही असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमच्या पवईच्या ऑफिसात ते होते. सगळे त्यांना अंकल म्हणत. कंपनीच्या सर्व्हरचे पासवर्ड एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेले असत आणि हवा तो शोधायला नोंदीचं नाव तंतोतंत टाकावं लागे. एक अक्षर चुकलं की 'सापडलं नाही'. ती नावं अंकलनीच पंधरा वर्षांपूर्वी दिलेली. पेरोलमधला एक एल त्यांच्याच हातून गळला होता. पुढे इतके प्रोग्रॅम त्या नावाला जोडले गेले की तो दुरुस्त करायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्यात अंकल अडकले. जेवताना फोन, रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेले की फोन. गोरेगावच्या एका कंपनीने बोलावलं, तेव्हा साहेबांनी 'तुमच्याशिवाय कसं होणार' म्हणून थांबवलं. रजा मागितली की तेच वाक्य. अंधेरीच्या गावठाणातल्या घरी त्यांची आई अंथरुणाला खिळून होती. तुला तिथे डांबून ठेवतात काय, असं ती विचारते, हे त्यांनी मला एकदा हसत सांगितलं होतं.

एका सकाळी बिलांचा सर्व्हर बंद पडला आणि मी फोन लावला. मागे चर्चची घंटा वाजत होती. त्यांनी स्पेलिंग विचारलं, माझी चूक सांगितली, नोंद सापडेपर्यंत थांबले. मग हळूच म्हणाले, "झालं ना? ठेवतो मग. आईला बाहेर काढतायत."

आई आदल्या दिवशी गेली होती. त्यांनी साहेबांना कळवलं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ते कामावर आले तेव्हा मी म्हटलं, आपण शोध जरा सैल करू, नाव थोडं चुकलं तरी नोंद दिसू दे. त्यांना पटेना. चाचणीच्या सर्व्हरऐवजी कुणी चालू सर्व्हर उघडला तर वाट लागेल, म्हणाले, आणि ते खरंच होतं. शेवटी ठरलं की मिळतीजुळती नावं फक्त यादीत दाखवायची, निवड माणसाने करायची. दोन आठवडे ते माझ्या शेजारी बसले. कोण एल दुप्पट करतो, कोण अंडरस्कोर विसरतो, सगळं त्यांना माणसागणिक पाठ होतं. माझ्या चुका तेवढ्या त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितल्या.

हळूहळू फोन थांबले. अंकलनी चार दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'काही नाही'.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते मला कँटीनमध्ये दिसले. खिडकीजवळ एकटेच, इस्त्रीच्या शर्टात. मी समोर जाऊन बसलो आणि काही काम निघालं का, विचारलं. त्यांनी चहाचा कप जवळ ओढला.

"घरी बसायचं होतं तेव्हा आई होती रे," म्हणाले.

चहा संपला तरी ते उठले नाहीत. रजेचा अजून एक दिवस बाकी होता.